आडवं पडल्यावर काय होतं?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



शिरोळ तालुक्यातली एक अंगणवाडी सेविका डोळ्यांसमोर आणावी. वय 44. किडकिडीत बांधा, तंबाखूचा संबंध नाही, घराण्यात दमा नाही. दोनेक वर्षांपासून मांडी घालून बसले की उठताना तिला आधी जमिनीवर आणि मग स्वतःच्याच मांड्यांवर हात रेटावे लागतात. चाळिशी उलटली, एवढे म्हणून घरच्यांनी तो विषय सोडून दिला. पुढे वाकून फरशी पुसताना दम लागू लागला. नरसोबाच्या वाडीला कृष्णेत स्नानाला उतरली, तर पाणी छातीला लागताच श्वास कोंडला आणि ती घाबरून काठावर आली. आता तिला रात्री आडवे होता येत नाही. आधी एक उशी वाढली, मग दुसरी, मग नवऱ्याने कॉटच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या. सध्या ती खुर्चीत बसून झोपते, रात्रीतून तीन-चारदा दचकून उठते आणि सकाळी तिचे डोके ठणकत असते. दुपारी मुलांना खिचडी वाढून झाली की भिंतीला टेकल्या-टेकल्या तिचा डोळा लागतो.

ही कोणा एकीची हकिकत नाही. स्नायूंच्या आणि नसांच्या आजारांत श्वास कसा उणा होत जातो याच्या वैद्यकशास्त्राने नोंदलेल्या खुणा तिच्या रूपात एकत्र ठेवल्या आहेत. पण तिच्या हातातली पिशवी महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या बाकावर बसून पाहावी, ओळखू येईल. कापडी पिशवी, तिच्यात एक्सरेची मोठी पाकिटे आणि कोपरे दुमडलेले कागद. ईसीजी नॉर्मल. टूडी इको नॉर्मल. एचआरसीटी नॉर्मल. हिमोग्लोबिन जरा कमी, म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या. दम्याचा पंप सहा महिने ओढून झाला, फरक नाही. रक्तात एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले निघाले, म्हणून यकृताचे औषध झाले. बोटाला लावलेले ऑक्सिमीटर 97 दाखवते. तिच्याबरोबर येणारा नवरा प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट सांगतो, "साहेब, आडवी पडली की हिला दम कोंडतोय. बसली की बरी असत्या." पिशवीतल्या एकाही कागदावर हे वाक्य उतरलेले नाही. शेवटच्या चिठ्ठीवर आहे ती झोपेची गोळी आणि तोंडी सल्ला, "ताई, रिपोर्ट सगळे चांगले आहेत. टेन्शन घेऊ नका."

ही झोपेची गोळी हेच या पत्राचे निमित्त, असे म्हटले तरी चालेल. ज्या माणसाचा श्वास झोपेत आधीच तोकडा पडतो, त्याला काही झोपेची औषधे आणखी खोल ढकलू शकतात.

दम लागतो म्हणून कुणी आले की डॉक्टर आधी फुप्फुस पाहतात, मग हृदय, मग रक्त. हा क्रम योग्यच आहे. दमा, सीओपीडी, क्षय, हृदयाच्या झडपा, रक्तक्षय हीच बहुतेकांच्या दमाची कारणे असतात आणि त्यांच्या आधी दुर्मिळ आजारांच्या मागे लागणारा डॉक्टर चांगला डॉक्टर नव्हे. प्रश्न पुढचा आहे. ही तिन्ही दारे ठोठावून झाली, आत कुणी नाही हे कळले, की पेशंट मनाच्या खात्यात टाकला जातो. पण श्वासाला चौथेही दार आहे. हवा आत ओढण्याचे काम फुप्फुस स्वतः करत नाही. ते काम स्नायू करतात, त्यांना हुकूम नसा देतात, आणि नस जिथे स्नायूला भेटते तिथे एक रासायनिक सांधा असतो. या साखळीत कुठेही बिघाड झाला तर स्वच्छ, निरोगी, एक्सरेत सुंदर दिसणारी फुप्फुसेही उपाशी राहतात.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात श्वासपटल म्हणून एक पडदा असतो. छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटासारखा स्नायू शांत बसलेल्या माणसाच्या श्वासाचे सुमारे 70 टक्के काम एकटा करतो. माणूस उभा असतो तेव्हा पोटातले अवयव आपल्या वजनाने खाली असतात आणि पडद्याला खाली सरकायला सोपे जाते. आडवे पडले की तेच अवयव पडद्यावर वर रेटतात. निरोगी माणसाला हा फरक जाणवत नाही. दुबळ्या पडद्याला तो पेलत नाही. वाकले तरी तेच, आणि छातीभर पाण्यात उभे राहिले तरी तेच, कारण पाणी पोटाला आत दाबते. कृष्णेच्या घाटावर त्या बाईला जे झाले ते घाबरट स्वभावामुळे झाले नाही.

झोपेचा आणखी एक कंगोरा आहे. स्वप्नांच्या झोपेत शरीर जवळजवळ सगळे स्नायू सैल सोडते. मान, बरगड्या, खांदे यांच्या मदतीने जे लोक दिवसभर श्वास निभावून नेतात, त्यांची ती सगळी मदत त्या घटकेला निघून जाते आणि एकटे श्वासपटल उरते. तेच दुबळे असेल तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो. सकाळची डोकेदुखी आणि दुपारची पेंग ही बऱ्याचदा त्याचीच पावती असते.

आता हे ओळखायला काय लागते? आधी एक टेबल लागते आणि पेशंटला उताणे झोपवण्याची तयारी. श्वास आत घेताना पोट वर यायला हवे. ते आत खेचले जात असेल तर पडदा काम करत नाही. मग पेशंटला उशीवरून मान उचलायला सांगायची, आणि मग एक दीर्घ श्वास घेऊन त्या एकाच श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगायचे. निरोगी प्रौढ तिसाच्या पुढे सहज जातो. जो पंधरा-वीसवर अडतो त्याला घरी पाठवायचे नसते. जिल्हा रुग्णालयात स्पायरोमीटर असेल तर पेशंटला एकदा बसवून आणि एकदा झोपवून फुंकायला लावायचे. आडवे झाल्यावर फुंकरीचा आकडा चौथ्या हिश्शाहून अधिक घसरला तर श्वासपटल अशक्त असल्याची दाट शक्यता असते. पडद्याची हालचाल सोनोग्राफीतही दिसते. आणि एसजीओटी-एसजीपीटी वाढलेले असताना यकृताचे बाकी सगळे ठीक असेल, तर सीपीके नावाची साधी रक्ततपासणी करायची, कारण ही दोन्ही द्रव्ये यकृताप्रमाणे स्नायूंतूनही रक्तात उतरतात. यात अशक्य असे काय आहे?

महोदय, एका आकड्याबद्दल आपल्याशी थोडे सविस्तर बोलणे भाग आहे, कारण तो आकडा महाराष्ट्राच्या घराघरात आपल्याच खात्याने नेला. 2020 च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक ऑक्सिमीटर घेऊन दारोदार गेले. ज्यांनी आयुष्यात थर्मामीटरही नीट वाचला नव्हता, ते लोक 94 आणि 95 मधला फरक बोलू लागले. त्या मोहिमेने जीव वाचवले, याबद्दल शंका नको. पण तिच्यामागे एक समजूत राहून गेली. बोटावरचा आकडा चांगला म्हणजे श्वास चांगला. ऑक्सिमीटर फक्त ऑक्सिजन मोजतो. बाहेर न पडलेला कार्बन डायऑक्साइड त्याला दिसत नाही. स्नायूंच्या आजारात दिवसाउजेडी ऑक्सिजन 97 असूनही रात्री कार्बन डायऑक्साइड चढत असतो. आणि असा पेशंट एखाद्या रात्री बेशुद्धीच्या काठावर रुग्णालयात आला, आकडा घसरलेला दिसला म्हणून त्याला नुसता ऑक्सिजन लावला आणि श्वासाला यंत्राचा आधार दिला नाही, तर आकडा सुधारतो आणि माणूस अधिकच ग्लानीत जातो. त्याला हवा असतो तो बायपॅप, म्हणजे हवा आत ढकलून स्नायूंचे काम वाटून घेणारे यंत्र.

ही चूक नवी नाही. 1952 च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयानक साथ आली. ब्लेगडम रुग्णालयात रोज श्वास गमावलेले रुग्ण दाखल होत होते आणि लोखंडी फुप्फुस म्हणवली जाणारी यंत्रे बोटांवर मोजण्याइतकी होती. रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट फार वाढलेले दिसे. रक्त कशाने तरी अल्कधर्मी झाले असावे, असा तिथल्या डॉक्टरांचा समज होता. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावले गेले. भूल देताना रोज श्वास हाताळणाऱ्या त्या माणसाने तेच आकडे वेगळे वाचले. हे रुग्ण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू शकत नाहीत, तो साचतो आहे आणि बायकार्बोनेट त्याची भरपाई म्हणून वाढले आहे, असे त्याने सांगितले. 12 वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत छेद देऊन रबरी पिशवीने हाताने हवा भरून त्याने ते सिद्ध केले. पुढचे कित्येक महिने वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले आणि आजच्या अतिदक्षता विभागाची पायाभरणी तिथे झाली.

कोपनहेगनच्या डॉक्टरांजवळ यंत्रे कमी होती हे खरे, पण रुग्णांना वाचवले ते आधीपासून हातात असलेल्या आकड्याच्या नव्या वाचनाने. तोच बायकार्बोनेटचा आकडा आज कितीतरी रक्तचाचण्यांच्या कागदावर छापून येतो. शिरोळच्या त्या पिशवीतही तो असू शकेल, आणि त्याच्याकडे कुणी पाहिलेले नसेल.

टेन्शनने दम लागतच नाही असे कुणीही म्हणणार नाही. भीतीच्या झटक्यात श्वास खरोखर कोंडल्यासारखा होतो आणि तो त्रास खोटा नसतो. पण त्या अवस्थेत माणूस जोरजोरात श्वास घेतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. स्नायू थकतात तेव्हा तो वाढतो. धमनीतून काढलेल्या रक्ताची एक तपासणी, जिला रुग्णालयात सगळे एबीजी म्हणतात, या दोन दिशा वेगळ्या करू शकते. आजाराच्या सुरुवातीला ती दिवसा निर्दोष येते, म्हणून झोपेतली तपासणी लागते. मनाचे निदानही इतर निदानांसारखे पुराव्याने करायचे असते. बाकीच्या चाचण्यांत काही सापडले नाही, हा त्याचा पुरावा होऊ शकत नाही. आणि या शिक्क्याचा भार बायकांवर जास्त पडतो, हे बाकावर बसून ऐकणाऱ्या कुणालाही कळेल. पुरुषाचा दम तपासला जातो, बाईचा समजावला जातो.

या पत्रातली मुख्य विनंती नव्या ज्ञानाची नाही. महाराष्ट्राला हे ज्ञान आहे. फक्त ते दुसऱ्या खोलीत आहे.

कोकणातल्या, विदर्भातल्या, कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात पावसाळ्यात एक पेशंट येतो. रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात दुखून उठलेला. चाव्याची खूणही धड दिसत नाही. तिथला डॉक्टर त्याच्या पापण्या पाहतो. त्या जड होऊन खाली येऊ लागल्या असतील तर मण्यार चावली हे तो ओळखतो. मग तो पेशंटला एका श्वासात आकडे मोजायला लावतो, कारण विष नस आणि स्नायू यांच्यामधल्या त्याच सांध्यावर बसते आणि पापण्यांनंतर पाळी श्वासाची असते. आकडे घटू लागले की त्याची धावपळ सुरू होते, सर्पविषाची प्रतिलस, अॅट्रोपीनबरोबर निओस्टिग्मिनची सुई, अंबू बॅग, नळी. एमबीबीएस होऊन वर्ष न झालेला तरुण डॉक्टरही हे सगळे करतो, आणि करून लोकांना वाचवतो. पण सकाळी तोच डॉक्टर ओपीडीत बसला आणि समोरची बाई म्हणाली की, संध्याकाळी पापण्या मिटतात, भाकरी चावता-चावता जबडा थकतो, दम लागतो, तर त्याला मण्यार आठवत नाही. आठवायला हवी. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडे त्याच सांध्यावर हल्ला करतात. मण्यारीचे विष एका रात्रीत जे करते ते हा आजार महिनोन्‌महिने, चढउतार करत करतो. सकाळी बरे, संध्याकाळी वाईट. पेशंट तपासणीला सकाळी येतो, म्हणून ठीकठाक दिसतो.

त्या निओस्टिग्मिनच्या कुपीचीही गोष्ट आहे. 1934 साली लंडनमधल्या ग्रिनिचमध्ये, गरिबांसाठी असलेल्या सेंट आल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर नावाच्या डॉक्टर काम करत होत्या. त्यांच्याकडे मायस्थेनियाची रुग्ण होती. या आजाराची लक्षणे क्युरारे या विषाच्या बाधेसारखी दिसतात, मग क्युरारेचा उतारा इथे का चालू नये, असा विचार त्यांनी केला. त्यांनी फायसोस्टिग्मिनची सुई दिली आणि उतरलेली पापणी वर गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी निओस्टिग्मिनचा परिणाम दाखवला. वॉकर कुठल्या नामांकित संशोधन संस्थेत नव्हत्या. असे शोध मोठ्या संस्थांतल्या मोठ्या नावांनाच लागतात असे मानून आपण जिल्ह्याच्या डॉक्टरांकडून अपेक्षाच ठेवत नाही, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आज मायस्थेनियाला औषधे आहेत. अमिताभ बच्चन यांना तो झाला होता आणि त्यानंतरही ते दशकानुदशके काम करत आले, हे सर्वांना माहीत आहे. उतरलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ धरून ती वर जाते का पाहणे, ही त्याची एक प्राथमिक चाचणी आहे. बर्फ तालुक्याला मिळतो. निदान न होता असा पेशंट दुसऱ्या एखाद्या तक्रारीसाठी गेला आणि जेंटामायसिनसारखी किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके त्याला दिली गेली, तर मात्र श्वास एकाएकी बंद पडू शकतो. म्हणून नाव लवकर कळायला हवे.

शिरोळच्या सेविकेची लक्षणे मात्र मायस्थेनियाची वाटत नाहीत. पापण्या ठीक, संध्याकाळ-सकाळ फरक नाही, मांड्या आणि श्वासपटल यांवरच आघात, यकृताचे म्हणून मानलेले आकडे चढलेले. अशा वेळी ज्या नावांचा विचार व्हायला हवा त्यांत एक आहे पाँपे आजार. योहानेस पाँपे या डच विकृतिशास्त्रज्ञाने 1932 साली सात महिन्यांच्या एका मुलीच्या मृत्यूनंतर त्याचे वर्णन केले. तिचे हृदय ग्लायकोजेन साचून प्रचंड फुगले होते. पाँपे पुढे नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात उतरले आणि 1945 च्या एप्रिलमध्ये, युद्ध संपायला काही आठवडे उरले असताना, त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. हा आजार कशाच्या अभावाने होतो ते 1963 साली बेल्जियमच्या आंरी-झेरी एर्स यांनी शोधले. पेशीतल्या कचऱ्याची विल्हेवाट लावणारे एक एन्झाइम कमी पडते, एवढेच कारण. तान्ह्या मुलांत तो हृदय गाठतो. मोठ्या वयात सुरू होतो तेव्हा हृदय बहुधा वाचते आणि कंबर, मांड्या, श्वासपटल यांवर येते. काही पेशंटांत पाय चालत असतानाच श्वास आधी दगा देतो. फिल्टर पेपरवर वाळवलेल्या रक्ताच्या काही थेंबांवरून हे एन्झाइम मोजता येते, आणि तो कागद पाकिटात घालून टपालाने पाठवता येतो. 2006 पासून त्याचे एन्झाइम बाहेरून देणारे औषधही आहे, दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून, आयुष्यभर.

किंमत? सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची. केंद्राच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात पाँपेचा समावेश आहे, मुंबईचे केईएम रुग्णालय त्या धोरणातले उत्कृष्टता केंद्र आहे, आणि 2022 मध्ये मदतीची मर्यादा 50 लाखांपर्यंत वाढवली गेली. आजन्म चालणाऱ्या उपचाराला ती रक्कम कशी पुरणार, हा प्रश्न उरतोच आणि तो दिल्लीत सोडवावा लागेल. पण केईएमच्या दारापर्यंत पोहोचायलाही आधी कुणीतरी 'पाँपे असू शकेल' असे लिहावे लागते. महात्मा फुले जन आरोग्य योजना पॅकेजवर चालते आणि पॅकेजला आजाराचे नाव लागते. दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत स्नायूंचा क्षय आणि दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार आहेत, पण प्रमाणपत्राच्या मंडळापुढेही नाव लागते. सगळ्या योजना नाव पडल्यानंतर सुरू होतात. नाव पडेपर्यंतचा प्रवास पेशंट स्वतःच्या पैशाने, एसटीने, पिशवी मांडीवर घेऊन करतो.

औषध नसलेल्या आजारांतही नाव महत्त्वाचे असते. मोटर न्यूरॉन आजार बरा होत नाही. तरी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, ज्यांचे गिळणे-बोलणे फारसे बिघडलेले नव्हते अशा रुग्णांना बायपॅपने अधिक आयुष्य दिले आणि ते आयुष्य अधिक सुसह्यही होते. रात्री आडवे पडून सलग झोप मिळणे हे ज्याने दोन वर्षे गमावले आहे, त्याला त्याचे मोल विचारावे.

महोदय, 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर जे घडले ते आपल्या खात्याच्या स्मरणात ताजे असेल. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. काही आठवड्यांत संख्या दोनशेच्या पुढे गेली. आधी जुलाब, मग पायांत मुंग्या, मग पाय उचलेनासे होणे आणि काहींना थेट व्हेंटिलेटर. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत नमुने गेले, कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला, पाण्याकडे बोट गेले. त्या दिवसांत पुण्यातला रिक्षावालाही जीबीएस म्हणत होता. नसांच्या आजाराने श्वास थांबतो, हे अख्ख्या राज्याने तेव्हा पाहिले. खाते हलले, कारण रुग्ण एका वस्तीत आणि एका महिन्यात होते. तेच दोनशे रुग्ण छत्तीस जिल्ह्यांत आणि दहा वर्षांत विखुरले तर साथ दिसत नाही. दिसतात त्या सुट्या सुट्या पिशव्या.

विखुरलेल्या गोष्टी जोडणारे डॉक्टर याच राज्यात होऊन गेले आहेत. 1971 मध्ये मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ होती. त्यानंतर काही रुग्ण पोलिओसारख्या लुळेपणाने रुग्णालयात येऊ लागले. डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना मागचे दिवस विचारले, डोळे कधी आले होते का हे विचारले, आणि या दोन्हींचा संबंध जगापुढे मांडला. त्यासाठी त्यांनी पेशंटला तो प्रश्न विचारला होता, हे महत्त्वाचे.

म्हणून आपल्याकडे मागणे आहे ते असे. दम लागण्याच्या तक्रारीच्या प्रत्येक केस पेपरवर आडवे पडल्यावर काय होते याची नोंद व्हावी, आणि एका श्वासात किती आकडे झाले तो आकडा लिहिला जावा. सर्पदंशाच्या प्रशिक्षणात जे शिकवले जाते त्याचाच आणखी एक तास ओपीडीसाठी ठेवला तर वेगळा खर्चही नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात बसून आणि झोपून अशी दोन्ही स्पायरोमेट्री करणारा एक तंत्रज्ञ असावा. ई-संजीवनी या दूरवैद्यक सेवेवर मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांसाठी आठवड्यातला एक ठरलेला वार असावा, म्हणजे शिरोळहून मुंबईला जाण्याआधी मुंबईचे डोळे शिरोळपर्यंत येतील. वाळवलेल्या रक्ताचे कागद जिल्ह्याहून केईएमला पाठवण्याची सोय असावी, क्षयाच्या थुंकीचे नमुने जसे जातात तशी. नात्यात लग्न झाले आहे का, भावंडांत कुणाला असा त्रास आहे का, हे विचारण्याची सवय लागावी, कारण पाँपेसारखे आजार आई आणि वडील दोघांकडून येतात आणि दक्षिण महाराष्ट्रात मामा-भाचीची, मामे-आतेभावंडांची लग्ने परकी नाहीत. विचारताना मात्र तो दोष देण्याचा सूर नसावा.

आणि कारण सापडले नाही तर केस पेपरवर तसेच लिहिले जावे. 'कारण सापडलेले नाही, तपास चालू.' डॉक्टरांना कमीपणा वाटू नये. या पाच शब्दांनी पेशंट पुढच्या डॉक्टरकडे जातो तेव्हा त्याला पुन्हा पहिल्यापासून स्वतःला खरे ठरवत बसावे लागत नाही. 'टेन्शन' लिहिलेला कागद घेऊन गेलेल्या बाईला तेच करावे लागते, प्रत्येक खोलीत, नव्याने, आणि तेही तोकड्या श्वासात. वाक्य पुरे करायला मध्ये दोनदा थांबावे लागणाऱ्या माणसाकडून आपली बाजू पटवून देण्याची अपेक्षा करू नये.

तिचा नवरा पुढच्या तारखेला पुन्हा बरोबर येईल. दारात चपला काढील, पिशवी टेबलावर ठेवील आणि तेच सांगेल, "साहेब, आडवी पडली की हिला दम कोंडतोय. बसली की बरी असत्या." समोरच्या डॉक्टरने ते वाक्य त्या दिवशी केस पेपरवर लिहून घ्यावे आणि तिला टेबलावर झोपायला सांगावे, अशी व्यवस्था आपल्या खात्याने करावी. वाक्य आहे तसे, मराठीतच लिहिले तरी चालेल.

कळावे.

आपल्या राज्यातील एक नागरिक